घडीखालची वीण

उल्लापूलहून सुटलेल्या बोटीवर, चहाच्या रांगेत,
माझ्यापुढे माझंच कापड उभं.
पाठ परक्याची. पण तो तपकिरी,
दगडफुलाचा म्हणतात, आता गिरणीतच रंगतो,
आणि त्यातून उतरलेली निळसर रेघ.
रेघ गिरणीची. बाकी सगळे माझे पाय,
शॉबोस्टच्या शेडमध्ये, पत्र्यावर वारा आपटत असताना.

मी आधी शिंप्याचं काम बघते, तोंड नंतर.
कॉलर मानेला धरून. मध्ये बोट शिरणार नाही. बरं.
खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी थांबलेली,
ओघळली नाही, ओढलीही नाही.
उजवा खांदा मात्र डाव्याहून खाली,
वर्षानुवर्षं काहीतरी वाहिलेल्या माणसाचा.
शिंप्यानं आत पातळ गादी घालून तो उचलला,
पण पुरता नाही.
शहाणा. पुरता उचलला असता
तर माणूस स्वतःच्या जाकिटात भाडेकरू झाला असता.

हात लोंबता असला की बाही सरळ,
ट्रेकडे वाकला की कोपराशी दोन चुण्या.
तिसरी असती तर मी बोलले असते.
खिशावरचे काटे अंगावरच्या काट्यांना जुळलेले,
एकही मासळी अर्ध्यात तुटलेली नाही.

"फार ताठ आहे हो," तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं, फक्त नजर काढली नव्हती.
"लीड्सला शिवलं. ओझोलिन्श म्हणून म्हातारा आहे.
तीनदा बोलावलं ट्रायलला.
तिसऱ्यांदा तर काही केलंच नाही, नुसता बघत बसला."
मी म्हटलं, हात लावू?
त्यानं मनगट पुढं केलं, वैद्यापुढं धरावं तसं.

अंगठ्यात आणि तर्जनीत धरलं.
मेंढीचा वास अजून आहे, पावसात उठेल.
चुरगाळून सोडलं. सावरलं,
सकाळी उठणाऱ्या माझ्या भावासारखं,
कुरकुरत, पण पूर्ण.
"तीन हिवाळे," मी म्हटलं. "मग ते तुम्हाला शिकेल."
"तुम्ही शिवता?"
"नाही," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

पण मी शोधत होते दुसरंच.
त्या ताग्यात माझी एक चूक होती.
शनिवारची रात्र, बाराला थोडं कमी.
बारानंतर आमच्याकडे माग हलत नाही, रविवार देवाचा.
कांडी संपली. नवी घालून सुरू केलं
तर घाईत एक पाय चुकला,
आणि काटा तिथे मोडला, केसाएवढा, आडवा.
सोमवारी दिसला. तोवर वर हातभर विणून झालेलं.
उसवलं नाही.
गिरणीत तपासणाऱ्या ऑरिगनंही सोडून दिलं,
की तिला दिसलंच नाही, मी कधी विचारलं नाही.

पाठीवर नव्हती. खिशांवर, बाह्यांवर नव्हती.
म्हटलं, कतरणीत गेली.
बरं वाटलं. मग जरा वाईटही.

स्टॉर्नोवेचे दिवे दिसले तशी माणसं डेकवर आली.
वारा असा, की त्यानं कॉलर उभी केली,
लॅपेल उलटून गळ्याशी धरली,
आणि घडीच्या आतून, डाव्या छातीवर,
ती.

म्हाताऱ्यानं पाहिलं होतं तर.
फेकली नाही, मिरवलीही नाही,
वारा सुटेल तेव्हाच दिसेल अशी ठेवली.
तिसऱ्या ट्रायलला बसून काय बघत होता,
ते या माणसाला कळायचं कारण नाही.

"नीट बसलंय," मी म्हटलं.
"काय?" वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही.
मी पिशवी उचलली.
घरी चोवीस कांड्या भरायच्या राहिल्या होत्या.