वीतभर

त्सिआलाच्या टेबलावर बेसारिऑन
सकाळपासून चौदा वेळा वर पाहतो.
खाणीतून नुकता आलेला, पापण्यांवर काळी भुकटी,
मागे चिआतुराचा रोपवे, अधांतरी.

पुढे पाव जोडला, तर भुकेला.
शवपेटी जोडली, तर दुःखाने मुका.
खरं तर त्या दिवशी एक कुत्रं
कॅमेरामनची टोपी घेऊन पळत होतं.

तिनं जोडली खिडकी.
खिडकीत मारो, त्याची बायको, चादर झटकताना,
तीन आठवड्यांनंतरच्या, निराळ्याच उन्हात.
आणि त्याला हसू फुटतं तिथून
बारा चौकटी उडवल्या.
अडकित्त्यात सुपारी, तेवढाच आवाज.

खाणीच्या क्लबात पडदा लागला
तेव्हा बेसारिऑनला जाऊन वर्ष झालं होतं.
मारो अंधारात उठून उभी राहिली.
मागच्यांनी ओरडून खाली बसवली.

नंतर दाराशी त्सिआलाचा हात धरून म्हणाली,
"बत्तीस वर्षांत एकदा तरी
असं बघितलं होतं म्हणायचं माझ्याकडे.
मी मेली चादरीच झटकत राहिले."

त्सिआलानं मान हलवली.
कोटाच्या खिशात वीतभर फिल्म,
बोटाला गुंडाळलेली.
तीत तो हसतोय
कुत्र्याकडे बघून.