थोडक्यात

फॉर्मवर चार ओळी आहेत.
वर छापलंय : काय घडलं ते थोडक्यात लिहा.
अकरा वर्षं मी मेकन शहरातल्या या टेबलाशी बसतोय.
खाली लाँड्री. ड्रायर फिरू लागले की
पेनाचं टोक थरथरतं.
अजून कुणालाही
थोडक्यात जमलेलं नाही.

ओडेसा प्रुइट, वय एकसष्ट,
बावीस पायऱ्या चढून आली. लिफ्ट बंद.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात;
ही तर त्या पायरीच्याही अलीकडची पायरी.
वळणावर ती थांबली, भिंतीकडे बघत,
जसं काही तिथे वाचायला काही लावलंय.
धाप दिसू नये म्हणून.

मी विचारलं, तारीख?
ती म्हणाली, त्या रात्री मी घेवडा भिजत घालणार होते.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं,
साडेतीनशे पोरांचा घेवडा निवडलाय,
एकाच्याही दाताखाली खडा आला नाही. लिहा.
मी लिहिलं नाही. रकाना तारखेचा होता.

मग हळूहळू.
गॅरेजमधला दिवा गेलेला. टॉर्च घेऊन
ती स्वतःच्याच गॅरेजमध्ये बरणी शोधत होती.
समोर नव्याने राहायला आलेल्या कुणीतरी फोन केला :
कुणी काळं माणूस आहे, घर फोडतंय.
दोन गाड्या. ‘जमिनीवर!’
ती म्हणाली, किल्ली माझ्या खिशात आहे.
त्यांनी खिसा ऐकला, किल्ली नाही.

मग खांदा. मग गुडघा, खडीत.
शेजारचा कुत्रा भुंकत होता, तो थांबला.
तो थांबल्याचंच का आठवतं
ते तिलाही सांगता येईना.
दीड तासाने म्हणाले, गैरसमज झाला, मॅम.
टोपीला हात लावून म्हणाले.

पहिल्या वकिलाने आधी पाच हजार डॉलर मागितले.
दुसऱ्याने विचारलं, व्हिडिओ आहे का?
मग पुष्कळ दिवस ती फोन उचलायची
आणि ठेवून द्यायची.
भाचा म्हणाला, सोड ना मावशी, जीव तर वाचला.

आतून व्हर्डेल बाई आल्या, चष्मा केसांत खोचलेला.
बोटांवर दिवस मोजले.
नगरपालिकेला नोटीस सहा महिन्यांच्या आत.
उरले चार. त्यातला एक रविवार.
म्हणाल्या, जिंकू असं मी म्हणत नाही.
पोलिसांसाठी कायद्यात एक जाड भिंत आहे,
पुष्कळदा आम्ही तिला हात लावून परत येतो.
पैसे आत्ता नकोत.
पण हे तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगावं लागेल,
परक्या माणसांसमोर, चिडलेल्या माणसांसमोर,
दर वेळी तेवढंच. कमी नाही, जास्त नाही.
आणि घेवडा?
घेवडाही, बाई म्हणाल्या. घेवडा तर आधी.

मी मान खाली घालून
तारखेच्या रकान्याशेजारी, समासात, घेवडा लिहिला.

ओडेसाने पर्समधून
औषधाची नारिंगी डबी काढली, हलवली.
डॉक्टरने गुडघ्यातून काढले ते.
फेकायला निघाला होता, मी म्हटलं, आण इकडे.
आयुष्यभर खडे फेकतच आले. हे नाही फेकणार.

बाईंनी डबी खिडकीशी धरली. कुणी बोललं नाही.
खाली कुणाच्या तरी जीन्सची बटणं
ड्रायरच्या पत्र्यावर वाजत होती.

सह्या झाल्या. ती उठेना.
पावती द्या, म्हणाली.
कशाची?
माझं काहीतरी ठेवून घेताय ना तुम्ही.

ड्रॉवर उपसून पावतीपुस्तक काढलं, कार्बन सुकलेला.
जोर देऊन लिहिलं : मिळाले. खडे, तीन.
या टेबलावर इतकं थोडक्यात
कधीच काही लिहिलं गेलं नव्हतं.

तिने कागद लांब धरून वाचला,
परत माझ्यासमोर ठेवला,
ओळीच्या शेवटी बोट टेकवलं.
जागा आहे अजून, म्हणाली. पुढे लिहा :
माझ्या अंगणातले.