उत्तरेकडचा गोल

गेटवर मला अडवलं
ज्या पोराच्या बारशाला मी जेवलोय, त्यानं.
गळ्यात नवं ओळखपत्र, त्यावर सिमेंट कंपनीचं नाव,
नजर माझ्या चपलांवर.
"काका, यादीत तुमचं नाव न्हाई."
मागं सरनोबत, चंद्रसेन तालमीचे सेक्रेटरी,
फोन कानाला,
फोनवर कुणी नसलेला.

कारण सगळ्या पेठेला ठाऊक.
सेमीफायनलला सुजय इंगवलेचं डोकं खांबावर आदळलं.
गोलकीपर. वय एकोणीस.
तोंडावर पाणी मारलं, पाठ थोपटली, परत उभा केला.
उरलेली वीस मिनिटं तो
समोरच्या संघाच्या पोरांना
आपल्या पोरांच्या नावानं हाका मारत होता.
मी एवढंच लिहिलं.
बारा ओळी, आतल्या पानावर.

सकाळी ग्रुपमधून काढलं.
दुपारी कट्ट्यावर दुधाचा पेला पुढं सरकवताना
गवळीसुद्धा म्हणाला, "कशाला गा, आपल्याच तालमीची…"
आपली तर खरीच.
माझ्या बापानं हिच्या बॉलच्या ब्लॅडरला
तीस वर्षं ठिगळं लावली,
सायकलच्या दुकानात, फुकट,
आणि हरल्यावर दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही.

आता तालीम रोज सहाला बातमी पाठवते.
टाइप केलेली, फोटोसकट.
"संघात उत्साहाचे वातावरण असून सर्व खेळाडू तंदुरुस्त आहेत."
सर्व, याला अधोरेखा.
संपादक चष्मा पुसत म्हणाले,
"मेथे, पाडव्याला त्यांची पानभर जाहिरात आहे.
हेच लावा की."

म्हणून मी रजियाभाभी शिकलगारांच्या गच्चीवर.
अट एकच: सांडग्यांवर कावळे बसू द्यायचे नाहीत.
एका हातात वही, एका हातात वेताची छडी,
चौतीस वर्षांच्या नोकरीत
एवढं स्पष्ट काम मला कुणी दिलं नव्हतं.

गच्चीवरून दक्षिणेकडचा गोल दिसतो, पुरा.
मधलं वर्तुळ दिसतं,
पंचाचं टक्कल दिसतं.
उत्तरेकडचा गोल
कंपनीच्या फ्लेक्सच्या पाठीमागं.
"मजबूत पाया, मजबूत नातं",
मला उलटीकडून वाचावं लागतं.

तिकडं काय चाललंय ते कानानं घ्यायचं.
हलगी चढली की कॉर्नर.
हलगी थांबली की फ्री किक.
हजार माणसं एकदम "आई गं" म्हणाली
की बॉल बारवरून गेला.
पण माणूस पडला तर कसा आवाज येतो,
ते मला अजून ओळखता येत नाही.

दुसऱ्या सत्रात सुजय उत्तरेला.
पन्नासाव्या मिनिटाला वारा आला,
नदीकडून येतो तसा, ओला, एका दमाचा,
आणि फ्लेक्स खालून उचलला गेला
परकराच्या घोळासारखा.
तीन सेकंद. चार असतील.
पुन्हा खाली.
कावळ्यानं तेवढ्यात एक सांडगा नेला.

चंद्रसेन एक शून्यानं जिंकली.
गुलाल गच्चीपर्यंत आला,
भाभींनी वाळत घातलेल्या चादरीवर बसला,
त्यांनी सरनोबतांच्या सात पिढ्या काढल्या,
मग स्वतःच हसल्या. लहानपणी त्याही
याच पोरांच्या मागं ओरडत फिरल्या होत्या.

रात्री मी लिहिलं:
"उत्तरेकडील गोल या वार्ताहराला दिसू शकला नाही.
पन्नासाव्या मिनिटाला क्षणभर दिसला.
गोलरक्षक इंगवले याने
दोन्ही हातांनी खांब धरला होता.
बॉल त्या वेळी
मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता."

वर तालमीची बातमी, चार कॉलम, फोटोसकट.
माझं खाली, सोनेतारणाच्या जाहिरातीशेजारी,
जागा उरली होती म्हणून.

सकाळी सातला नंबर नसलेला फोन.
बाईचा आवाज. नाव सांगितलं नाही.
"त्यो घरात पण भिंत धरून चालतोय," म्हणाली,
आणि ठेवला.

पुढच्या रविवारी
फ्लेक्सच्या खालच्या टोकांना तारा आवळलेल्या.
मी बराच वेळ बघत उभा.
भाभी जिन्यातून वर आल्या, सुपात कुरडया,
मैदानाकडं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं,
म्हणाल्या,
"टाकीवर चढता येतंय काय, बघा."