सातवी चकती

सोन-कूलच्या कुरणावर, युर्तच्या दाराशी
बुरुलचा दिवसातून दोनदा यंत्र उसवते.
दुधातून साय काढायचं, हातानं फिरवायचं.
ती या घरात आली त्याआधीचं,
म्हणून मानानं थोरलं.

आटा उलटा आहे. नवखा जोर लावतो
आणि घट्टच करत बसतो.
ती मनगटाला हिसका देते, नट सुटतो.
मग चकत्या, बारा, कागदासारख्या पातळ,
तारेत ओवून कढत पाण्यात.
भोकात अडकलेली साय
घोड्याच्या शेपटीच्या केसानं.

क्रम चुकला तर यंत्र थरथरतं.
आकडे केव्हाच झिजले,
तिच्या अंगठ्याला पाठ आहेत.

आज अकराच भरल्या.
किटलीखाली बघितलं. कुत्र्याकडे बघितलं.
दूध निवत चाललेलं.

तेवढ्यात ऐझादा आली, वय पाच,
मागे करडू,
त्याच्या डोक्यावर सातवी,
हनुवटीखाली लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेली.

बुरुलचा ओरडणारच होती.
"या पाहुणे," म्हणाली,
आणि गाठ दातांनी सोडवली.

पुन्हा धुतली. ओवली. नट आवळला.
मुठीवरची घंटी वाजत राहिली
वेग येईपर्यंत,
मग गप्प.

साय उतरली, नेहमीसारखी दाट.
तिच्यात एक काळा केस.
तिनं तो करंगळीनं उचलला,
सासूची पाठ होती.