स्वतःवरचा खर्च

गेलेन, आज तुझा हिशोब करायला
विचिटाहून एक माणूस आला होता.
पातळ ओठांचा, सभ्य. पाणीसुद्धा विचारून प्यायला.
त्याच्या तक्त्यात तू सदुसष्टाव्या वर्षापर्यंत जगलास,
दर वर्षी पगारवाढ घेतलीस,
एकदाही आजारी पडला नाहीस.
मला तो तक्ता आवडला, खोटं कशाला बोलू.

मग खाली एक ओळ आली: स्वतःवरचा खर्च, वजा.
म्हणजे काय, मी विचारलं.
म्हणजे जगले असते तर त्यांनी जे खाल्लं असतं,
जे बूट झिजवले असते, न्हाव्याला जे दिलं असतं,
ते घराला मिळालं नसतंच ना, मिसेस श्राग.
शेकडा अठ्ठावीस.

आपल्या मंडळीत कोर्टाची पायरी कुणी चढत नाही.
रविवारी प्रार्थनेनंतर अर्लोकाका
टोपी हातात फिरवत म्हणाले, क्षमा कर, अर्डिस.
करीन म्हटलं, पण कुणाला, ते आधी शोधू द्या.
सायलोची मालक एक कंपनी, त्या कंपनीची मालक दुसरी,
दुसरीचं फक्त टपालाचं खोकं आहे, डेलावेअरमध्ये.
खोक्याला क्षमा कशी करतात
हे काकांनाही सांगता येईना.

कायदा शिकतेय मी, या वयात.
दावा तुझा नाही, आमचा. तू नुसता त्याचं कारण.
मुदत दोन वर्षं, त्यातले चौदा महिने
तुझा ट्रक विकावा की नाही यातच गेले.
तू त्यांच्या पगारावर असतास तर दावाच नव्हता,
ठरलेली रक्कम आणि मिटला विषय.
पट्टा दुरुस्त करायला तू बाहेरून गेलेला,
म्हणून बोलायला जागा आहे.
दुःखालासुद्धा इथे कमाल मर्यादा घातलीय;
त्यावरचं रडायचं ते पदरमोड करून.
असं मिस क्विन्टाना म्हणाली नाही,
मला तसं ऐकू आलं.

जबानीत त्यांच्या वकिलानं विचारलं,
घरातली कामं ते आठवड्याला किती तास करायचे?
सुरक्षेचा दोर अडकवायची त्यांना सवय होती?
संसार सुखाचा होता?
मी म्हटलं, मार्चमध्ये आम्ही नऊ दिवस बोललो नव्हतो.
क्विन्टानानं टेबलाखाली माझ्या बुटावर बूट ठेवला.
नऊ दिवस, गेलेन. धुलाईयंत्रावरून.
तेही टाइप झालं.

ज्वारीच्या दाण्यांखाली तू किती मिनिटं शुद्धीत होतास
यावर दोन डॉक्टरांचं जमत नाही.
आपला म्हणतो चार. त्यांचा म्हणतो, जेमतेम एक.
चाराचे पैसे जास्त.
मी रात्रभर त्यांच्या डॉक्टरासाठी प्रार्थना केली.

मंगळवारी तडजोड झाली.
वीस टक्के चूक तुझी धरली, ऐंशी त्यांची,
आणि सहीच्या कागदावर कुणाचीच नाही.
तिसरा हिस्सा क्विन्टानाचा. ती चांगली आहे,
तिनं टेससाठी पेन्सिलींचा डबा आणला होता.
टेस एकोणीस वर्षांची आहे, हे तिला कुणी सांगितलं नसावं.

टेसचं कॉलेज निघेल, छप्परही निघेल.
बाहेर गव्हाच्या ट्रकांची रांग त्याच सायलोकडे चाललेली,
काचेवर भुसा.
गाडीत बसून मी तक्ता पुन्हा उघडला
आणि ती वजा ओळ वाचत राहिले:
तुझे बूट. तुझा न्हावी.
रविवारच्या व्हेरेनिकेवर तू तिसऱ्यांदा ओतायचास ती साय,
डॉक्टरनं नको म्हटल्यावर तर जास्तच.
कुत्र्याच्या नावावर आणून
अर्धी स्वतःच फस्त केलेली बिस्किटं.

बाकी सगळं त्यांनी बरोबर मोजलं असेल.
माझं मागणं त्या अठ्ठाविसाचं होतं.