थंयच

दाजी गिरपांनी मनगट काउंटरवर ठेवलं,
पापलेट उलटं करून दाखवावं तसं.
"डाग परत इलो. थंयच."

जुन्या चार आण्याएवढा, गोल,
कडेला लालसर, मध्ये जांभळट,
पिकल्या रातांब्याच्या सालीचा रंग.
मी चष्मा वर सारून पाहिलं आणि म्हटलं, गजकर्ण.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर कोणाला नसतं गजकर्ण?
ओली लुंगी, मीठ, घाम, पुन्हा तीच लुंगी.
गुलाबी टोपणाची ट्यूब दिली.
वहीत लिहिलं: गिरप, पंचावन्न.

खाज गेली.
डाग काळा होऊन तिथंच बसला,
आणि ट्यूबमागून ट्यूब चोळून भोवतीची कातडी
कांद्याच्या पापुद्र्याएवढी झाली.
शिरा वर आल्या,
ओहोटीला खाजणातले व्हाळ उघडे पडतात तशा.

वाडीत बोललं गेलं ते वेगळंच.
देवचारानं बोट टेकवलं.
कोणाचं तरी देणं राहिलंय.
भावजयीनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या,
एक नारळ, एक गाऱ्हाणं, चारचौघांचं "व्हय म्हाराजा",
आणि डाग त्यांच्याबरोबर ट्रॉलरवर चढला.

गणपतीत परत. थंयच.
आणि आता खालच्या ओठावर दुसरा.

तेव्हा कुठे सावंतवाडीला गेले.
डॉक्टरीण तरुण, घाटावरची.
डागाला हात लावायच्या आधी तिनं विचारलं,
आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?
"काय नाय. बांगडो नि भात."
आणि?
"आणि पोटात कळ इली म्हणान ती पिवळी गोळी."
गोळी त्यांच्या लेखी खाण्यात धरायची नव्हतीच.

तिनं कागदावर लाल पेनानं गोळीचं नाव लिहिलं,
खाली दोन रेघा: पुन्हा कधीही नाही.
म्हणाली, काही माणसांच्या कातडीला एखादं औषध सोसत नाही.
ते पोटात गेलं की ती एकाच जागी बोट ठेवून सांगते.
दर वेळी त्याच जागी.
मग तिनं मनगट उजेडात धरलं.
आणि ही ट्यूब कोणी दिली?

हे सगळं मला दाजींनीच सांगितलं,
कागद माझ्यासमोर सरकवत.
शेवटचं सांगताना त्यांनी नजर रस्त्याकडे वळवली.
"तुझा नाव मी घेवक नाय."

रात्री शटर अर्धं ओढून वही काढली.
शिमग्याच्या आधी: गिरप, पिवळी, सहा.
दोन दिवसांनी: गिरप, ट्यूब.
वैशाखात: पिवळी, सहा. खाली लगेच: ट्यूब.
गणपतीच्या तिसऱ्या दिवशी. पाचव्या दिवशी.
माझंच अक्षर, माझीच शाई,
एका ओळीखाली दुसरी,
इतकी जवळ की मधे बोटही मावू नये.
सात वर्षं मी ही वही उधारीसाठी उघडत आलो,
म्हणून फक्त उधारी दिसली.

पंचावन्नच्या आकड्यांवर काट मारत गेलो.
पानावर काळे ठिपके पडले,
ते पुसायला गेलो नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर एका दुपारी
दाजी पोट धरून पायरीवर टेकले.
शेवाळी रंगाचं तोंड, बोलायचं त्राण नाही.
मी न बघता मागे वळलो.
तिसरा खण, डावी बाजू. वीस वर्षांची सवय.
स्ट्रिप बोटांत आली, कात्री हातात आली,
आणि दाजींनी मनगट वर केलं.
नुसतं वर केलं.

"थंयच गेलो मा रे तुझो हात?"

हसले. ओठावरचा डाग हसण्याबरोबर ताणला गेला.
मी खण लावला. मीठसाखरेची दोन पाकिटं दिली,
पाणी उकळून घ्या म्हटलं, नाहीच थांबलं तर रिक्षा सांगतो,
आपण दोघं जाऊ, सावंतवाडीला.

पाकिटं वहीत लिहायची राहिली.
ट्यूब कोणी दिली, ते तिला
अजून सांगायचंय.