माप

मंगळवार बाजारात, कुलपं-किल्ल्यांच्या पलीकडे,
नरसव्वा बोल्ली नुसती झाकणं विकते.
जस्ताची, आतून पांढऱ्या काचेची चकती लावलेली,
पत्र्याची, पितळेची, एक लाकडी बूच.
बरण्या नाहीत.
बरण्या फुटल्या, झाकणं उरली, ती म्हणते,
नवरे गेले, आम्ही उरलो, तशी.
आणि स्वतःच हसते,
तंबाखूनं पिवळी झालेली बोटं तोंडावर धरून.

मी पिशवीतून बरणी काढतो.
हिरवट काच, पोटात दोन बुडबुडे.
गिरणीच्या साहेबाकडं हिच्यात पाकातली फळं असायची म्हणे,
कुठली, ते आजोबांना सांगता आलं नाही.
मग आमच्याकडं लिंबू, शेंगाचटणी,
संपाच्या वर्षी नुसतं मीठ.
गळ्याला तारेची कडी अजून आहे.
रबर कधीच चिरलं.

माप काय?
मला माप ठाऊक नाही.
ती बरणीच्या तोंडात हात घालते:
चार बोटं जातात, अंगठा अडतो.
मग ढिगात न बघता चाचपडून
काढते काचेचं एक, कडेला टवका उडालेलं.
सायकलची जुनी ट्यूब मांडीवर घेते,
विडीची पानं कापायच्या कात्रीनं
एक कडं कापते,
पाण्याचं बोट फिरवून बसवते.
झाकण ठेवते. कडी ओढते.

टक्.

आत काहीच नाही, मी म्हणतो.
"मंगळवार हाय की," ती म्हणते.
"वीस रुपये द्या.
आन् घरी जाईस्तवर उघडू नका."